तीन द्राक्षांचं प्रकरण

होणाऱ्या व्याह्यांनी पाठवलेली बाटली घरात आली तेव्हा नमुनेसाहेब बनियनवर होते. थेट फ्रान्सहून आलेल्या वस्तूसमोर असं उभं राहणं त्यांना बरं दिसेना. ते आत जाऊन शर्ट घालून आले, गळ्याचं बटणसुद्धा लावलं, आणि मग त्यांनी ड्रायव्हरच्या हातून बाटली घेतली. घेतल्या घेतल्या ती खिडकीच्या उजेडात तिरकी धरली आणि तळाशी काही साचलंय का ते पाहिलं.

'बाबा!' लेक ओरडली.

त्यांनी बाटली सरळ केली. ड्रायव्हरने ते पाहिलं, आणि ड्रायव्हरने पाहिलेलं मालकाच्या घरी पोचायला किती वेळ लागतो हे सांगायला नको.

नमुनेसाहेब हे त्यांचं खरं नाव नव्हतं. ते अन्नभेसळ निरीक्षक. 'नमुना घ्यायचाय' हे वाक्य त्यांनी नोकरीत इतक्या दुकानांत इतक्या शांतपणे उच्चारलं होतं की बाजाराने परस्पर त्यांचं नाव बदलून टाकलं. हे नाव आदरापोटी ठेवलंय की आणखी कशापोटी, याची चौकशी त्यांनी कधी केली नाही. काही चौकशा न केलेल्या बऱ्या, एवढी समज सरकारी नोकरीत आपोआप येते.

बाटलीबरोबर निरोप होता. लेकीने तो आईवडिलांना समोर बसवून सांगितला. येत्या रविवारी दुपारी मुलाकडचे तिघं, म्हणजे मुलगा आणि त्याचे आईवडील, जेवायला येताहेत. जेवणं झाली की त्याच टेबलावर लग्नाचं काय ते ठरवायचं. ही पांढरी वाईन तेव्हा सगळ्यांनी मिळून घ्यायची. थंड करून ठेवायची, आणि हिला शोभेल असं जेवण करायचं.

'हिला म्हणजे कुणाला? विहीणबाईंना?' बायकोने विचारलं.

'बाटलीला, आई.'

'म्हणजे विहिणीला काय आवडतं ते विचारायचं नाही, बाटलीला काय आवडतं ते विचारायचं?' बायको म्हणाली. 'विहीण तरी परवडली. ती नाक मुरडून सांगते तरी.'

आता अडचण अशी की मुलाच्या वडिलांचं मोठ्या चौकात दोन मजली हॉटेल होतं. हॉटेलवाल्याच्या मुलाने निरीक्षकाची मुलगी पसंत करावी, हा प्रकार दोन्ही घरांना पचायला जड जात होता. मुलगी चांगलीच आहे, पण उद्या तिचे वडील घरी आले तर बैठकीत बसतील की थेट स्वयंपाकघरात शिरतील, असं विहीणबाईंनी विचारलं होतं म्हणे. प्रश्न अगदीच हवेतून आलेला नव्हता. मागच्या महिन्यात मुलाच्या आत्याकडे चहाला गेले असताना नमुनेसाहेबांनी बोलता बोलता दुधाच्या भांड्यात बोट बुडवलं, थेंब अंगठ्याच्या नखावर घेतला, आणि तो किती वेगाने ओघळतो ते पाहत बसले. त्यांचा उद्देश वाईट नव्हता. हाताला सवय असते. पण आत्याचा त्यानंतर फोन आला नव्हता.

'बाबा, मला दुसरं काही नको,' लेक म्हणाली. तिचा आवाज थोडा बारीक झाला होता, आणि हा आवाज नमुनेसाहेब ती शाळेत असल्यापासून ओळखत होते. 'ते एक जेवण. तेवढ्यात तुम्ही काही तपासायचं नाही. हुंगायचं नाही, उजेडात धरायचं नाही, नखावर घ्यायचं नाही.'

'नाही.'

'शब्द?'

'शब्द.'

इथे हे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण बाटलीला लेबल होतं, आणि लेबल दिसलं की ते वाचल्याशिवाय नमुनेसाहेबांना अन्न गोड लागत नसे. लेबल फ्रेंचमध्ये. लेकीने फोन त्याच्यासमोर धरून ते वाचून दाखवलं. 'सोव्हिन्यों, सेमियों आणि म्युस्कादेल. तीन जातींच्या पांढऱ्या द्राक्षांचं मिश्रण.'

'काय म्हणालीस?'

'मिश्रण. ब्लेंड, बाबा. मुद्दाम करतात. पहिल्या द्राक्षाने ताजेपणा येतो, दुसऱ्याने अंग भरतं, तिसऱ्याने वास येतो.'

'दूधवाला वेगळं काय सांगतो?' नमुनेसाहेब म्हणाले. 'पाण्याने पुरवठा वाढतो, पिठाने अंग भरतं, साखरेने चव येते. फक्त तो ते बाटलीवर छापत नाही. आणि प्रमाण? कशात किती मिसळलंय ते कुठे लिहिलंय?'

'ते त्यांचं गुपित असतं.'

नमुनेसाहेबांनी बाटली फिरवून मागची बाजूही पाहिली. प्रमाण हे आमचं गुपित आहे, असं त्यांना नोकरीत एकाच माणसाने सुनावलं होतं. तो तेलाचा घाणा चालवायचा. आता साबण विकतो.

पुढचे दोन दिवस बाटलीला काय शोभेल, याचा शोध चालला. हा शोध घरातल्या घरात राहिला असता तर बरं झालं असतं, पण बायकोने तो जिन्यात बोलून दाखवला. तळमजल्याच्या केमिस्टने काउंटरमागून तत्काळ निदान केलं. 'मासा. पांढऱ्याबरोबर पांढरं. दिवसातून एकदा, जेवणासोबत.'

वरच्या मजल्यावर निवृत्त न्यायाधीश राहत. जज्जसाहेबांना निवृत्तीनंतर सगळ्यात जास्त आठवण यायची ती निकाल देण्याची, त्यामुळे इमारतीत कुणी भाजी निवडायला बसलं तरी ते दोन्ही बाजू ऐकून घेत. त्यांनी केमिस्टचं म्हणणं अंशतः मान्य केलं. मासा चालेल, परंतु तळलेला चालणार नाही. सोबत शेळीच्या दुधाचं चीज असणं आवश्यक. कोंबडी भाजलेली असल्यास विचार करता येईल. रश्श्यात बुडवलेली असल्यास अर्ज फेटाळण्यात येईल.

'तुम्ही पिता का हो वाईन?' बायकोने विचारलं.

'कधीच नाही,' जज्जसाहेब म्हणाले. 'म्हणूनच माझं मत निःपक्षपाती आहे.'

केमिस्ट आणि जज्जसाहेब यांच्यात मग लोण्यावरून मतभेद झाला आणि तो जिन्यातच दोन वेळा तहकूब होऊन पुन्हा सुरू झाला. बायकोने वर येऊन पदर झटकला आणि सगळ्याचं सार सांगितलं. 'तिखट नको, गोड नको, तेलकट नको, उग्र वासाचं नको, फार गरम नको. अहो, ही वाईन आहे की बाळंतीण?'

शेवटी ठरलं असं: लोणी आणि लिंबू लावून भाजलेला मासा, उकडलेले बटाटे, हिरव्या पानांचं सॅलड, ताजा पाव, आणि जज्जसाहेबांच्या समाधानासाठी शेळीचं चीज. बायकोने बेत केला आणि खरेदी नवऱ्यावर सोपवली. लग्नाला इतकी वर्षं होऊनही ही चूक तिच्याकडून झाली, याचं तिला नंतर फार वाईट वाटलं.

कारण नमुनेसाहेब कित्येक वर्षांत बाजारात खरेदीला गेलेच नव्हते. जात होते ते कामाला. आणि त्यांच्या कामाची रीत अशी की दुकानात शिरायचं, रास्त भावाने माल विकत घ्यायचा, पैसे देऊन पावती मागायची, आणि पावती हातात पडली की तो माल म्हणजे नमुना. पाहणाऱ्याला खरेदी आणि कारवाई यांत पावती मिळेपर्यंत काहीही फरक दिसत नसे.

त्यामुळे ते कापडी पिशवी घेऊन चीजवाल्याच्या दुकानाच्या पायरीवर चढले तेव्हा शेजारच्या बेकरीचं शटर अर्ध्यावर आलं. पलीकडच्या तेलवाल्याने आजोबा वारल्याचं सांगून दुकान बंद केलं. ते आजोबा गेल्या तीन धाडींत वारले होते.

'थोडं शेळीचं चीज द्या,' नमुनेसाहेब म्हणाले.

चीजवाल्याचा चेहरा चीजसारखा झाला. 'साहेब, शेळीचंच आहे. शेळी दाखवू का?'

'शेळी नको. घरी खायला पाहिजे.'

'घरी,' चीजवाला म्हणाला आणि त्याने ओढूनताणून हसून दाखवलं. मग मागे वळून हाक मारली, 'अरे, दोन पंच बोलवा. साहेब आलेत.'

'पंच कशाला? माझ्याकडे पाहुणे येताहेत.'

'हो साहेब. पाहुण्यांसमोरच करू.'

नमुनेसाहेबांनी हरतऱ्हेने समजावलं. पिशवी उलटी करून दाखवली, तिच्यात लाख नाही, सुतळी नाही, मोहोर नाही. चीजवाल्याला वाटलं, ही नवी पद्धत असावी. शेवटी त्याने चीज दिलं, पण पैसे घ्यायला नकार दिला, कारण पैसे घेतले की विक्री झाली. आणि पैसे न देता वस्तू घेतली तर ती लाच झाली, म्हणून नमुनेसाहेबांनी चीज घ्यायला नकार दिला. काउंटरवर चीज मध्ये आणि दोन्ही बाजूंना दोन प्रामाणिक माणसं, असा तो देखावा बराच वेळ टिकला. रविवारसाठी मासा सांगून ठेवायला ते मासळीबाजारात गेले, तर त्यांच्या आधीच बातमी पोचली होती. तिथे ओटे धुतलेले होते आणि एका मावशींनी 'आज समुद्र बंद आहे' असं सांगितलं.

रिकामी पिशवी घेऊन घरी परतताना त्यांना केमिस्टने हाक मारली. माणसाला पडलेलं पाहून त्याला आणखी थोडं दाबावं, अशी काहींना ओढ असते. ते त्याला काळजी म्हणतात.

'साहेब, एक मनात आलं. ती बाटली खरी आहे ना? हल्ली रिकाम्या विलायती बाटल्या विकत घेऊन त्यात काहीबाही भरतात. व्याह्यांना कुणी फसवलं असेल, आणि पाहुण्यांना तुमच्या घरी, तुमच्या टेबलावर काही झालं... तुमच्या. म्हणजे लोक काय म्हणतील?'

लोक काय म्हणतील ते नमुनेसाहेबांना जिना चढता चढता शब्दशः ऐकू आलं. वर पोचेपर्यंत त्यांनी कायद्याचा बारीक अभ्यासही करून टाकला होता. लेकीला शब्द दिला आहे तो जेवणात काही न तपासण्याचा. जेवण रविवारी. आज मंगळवार. मंगळवारी काही तपासलं तर शब्द मोडत नाही. उलट रविवार सुखाचा जावा म्हणून मंगळवारीच तपासून घेणं हे बापाचं कर्तव्य ठरतं. बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून, डब्याच्या पिशवीत घालून ते ऑफिसला गेले.

प्रयोगशाळेच्या बाई त्यांच्या जुन्या सहकारी. टेबलावर परीक्षानळ्यांच्या रांगेतच त्या भिजवलेल्या बदामाची वाटी ठेवत.

'खाजगी काम आहे,' नमुनेसाहेब हळू आवाजात म्हणाले. 'दोन थेंब पाहायचे. नोंद नको.'

'नोंदीशिवाय थेंब घेता येत नाही,' बाई म्हणाल्या. 'तसं परिपत्रक आहे.'

'कुणी काढलं?'

'तुम्हीच भांडून काढायला लावलंत. मागच्या वर्षी मी माझ्या सासूबाईंचं तूप तपासत होते तेव्हा.'

मग सगळं रीतसर करावं लागलं. रीतसर म्हणजे नमुन्याचे तीन भाग: एक प्रयोगशाळेला, एक कोर्टासाठी, एक मालकासाठी. बूच काढायचं यंत्र सरकारी यादीत नव्हतं. ऑफिसच्या हेडक्लार्कनी स्क्रूड्रायव्हरने प्रयत्न केला तेव्हा अर्धं बूच आत पडलं आणि अर्धं त्यांच्या चष्म्यावर उडालं. तीन भाग भरून झाल्यावर बाटलीच्या तळाशी चार बोटं वाईन उरली. तिच्या तोंडात प्रयोगशाळेतला कापसाचा बोळा बसला, वर कागद, कागदावर सुतळी, सुतळीवर लाख आणि लाखेवर मोहोर. हा शिल्लक माल निकाल लागेपर्यंत ज्याच्याकडे सापडला त्याच्या ताब्यात राहतो, म्हणून नमुनेसाहेबांनी निरीक्षक या नात्याने बाटली दिली आणि ताबेदार या नात्याने ती घेतली. दोन्हीकडे सही त्यांचीच होती आणि दोन्ही सह्या जुळतात की नाही हे हेडक्लार्कनी बारकाईने पाहिलं.

एकच रकाना राहिला होता. माल कोणी पुरवला?

'कोरा ठेवा,' बाई म्हणाल्या.

कोऱ्या रकान्यावरून नमुनेसाहेबांनी एक अख्खी डेअरी बंद पाडली होती. त्यांनी घाम पुसला आणि व्याह्यांचं नाव लिहिलं, खाली हॉटेलचा पत्ता. कागद जाऊन जाऊन कुठे जाणार? या खात्यात कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायला ऋतू बदलावा लागतो. तोवर लग्न होऊन नातवंडं झाली असती.

घरी सीलबंद बाटली पाहून बायको खाली बसली. लेकीला सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. बायकोने ती फ्रीजमध्ये ठेवायला घेतली तर नमुनेसाहेब धावले. 'गारठ्याने लाख तडकेल! सील तडकलं तर ताबेदार जबाबदार.' म्हणून पाहुण्यांसाठी थंड करायची वाईन स्वयंपाकघराच्या खिडकीत, दुपारच्या उन्हात, पीठ चाळायच्या चाळणीखाली लपून राहिली.

हेडक्लार्क कामाच्या बाबतीत कुणाचाही भेदभाव करत नसत. सगळ्यांचीच कामं सारखी रखडवत. पण साहेबांच्या घरचं प्रकरण आहे हे कळल्यावर त्यांना भरून आलं. त्यांनी चहा घेतला नाही. त्यांनी स्वतः टाइप केलं, स्वतः सही आणली, स्वतः टपाल फोडून पुन्हा भरलं. खात्याच्या इतिहासात जो वेग कधी कुणी पाहिला नव्हता, त्या वेगाने शुक्रवारी दुपारी मोठ्या चौकातल्या हॉटेलात नोटीस पोचली. संशयास्पद मिश्र पेय पुरवल्याबद्दल परवाना का रद्द करू नये, याचा खुलासा व्यक्तिशः हजर राहून करावा.

संध्याकाळी लेक घरी आली. तिने चपला जागेवर ठेवल्या, पर्स खुर्चीला अडकवली, आणि वडिलांच्या समोर उभी राहिली. ती ओरडेल म्हणून नमुनेसाहेबांनी मनाची तयारी केली होती. ती ओरडली नाही.

'त्यांच्या परवान्याचं नूतनीकरण पुढच्या महिन्यात आहे,' ती म्हणाली. 'त्याच्या आईंनी विचारलं, तुझ्या वडिलांना हे लग्न नको असेल तर सरळ सांगायचं होतं, नोटीस कशाला पाठवली? मी काय सांगू त्यांना?'

'अगं, मी फक्त...'

'येताहेत ते रविवारी. त्यांनी शब्द दिलाय म्हणून.' ती आत जायला वळली आणि दारात थांबली. 'तुम्ही घरी नसलात तरी चालेल बाबा.'

नमुनेसाहेबांना बाजारात लोकांनी बरंच काही ऐकवलं होतं. एकाने अंगावर कुत्रं सोडलं होतं. पण रात्रीच्या जेवणात त्या दिवशी त्यांनी भातात केस सापडला तरी तो बाजूला काढून ठेवला आणि पुढचा घास घेतला. बायको घाबरली.

शनिवारी ते अधीक्षकांच्या घरी गेले. अधीक्षक बागेत गुलाबाला खत घालत होते.

'नोटीस मागे घ्यायची तरतूद नाही,' अधीक्षक म्हणाले. 'तुम्हाला ठाऊक आहे.'

'आहे.'

'शिल्लक मालाचं सील तुटलं तर मात्र प्रकरण आपोआप पडतं. नमुने ताडून पाहायला शिल्लक मालच नसेल तर पुरावा राहत नाही. पुरवणारा सुटला. पण मग ताबेदाराला खुलासा विचारावा लागेल, सेवापुस्तकात शेरा पडेल. कोण आहे ताबेदार?'

'मी.'

अधीक्षकांनी खताचा हात झटकला. 'मग जपा बुवा सील. निवृत्ती जवळ आलीय तुमची. एवढी वर्षं सेवापुस्तकात डाग नाही.'

रविवारी बायकोने स्वतः जाऊन आणलेला मासा ओव्हनमध्ये होता, बटाटे उकडले होते, आणि नमुनेसाहेब घरी होते. व्याही आले ते दारातच म्हणाले, 'नोटिशीत व्यक्तिशः हजर राहावं असं लिहिलंय. झालो हजर.' ते मोठ्या देहाचे, मोठ्या आवाजाचे गृहस्थ, आणि या विनोदाची त्यांनी वाटेत तयारी केली असावी. कुणीच हसलं नाही. विहीणबाई पर्स मांडीवर घेऊन खुर्चीच्या कडेवर बसल्या, उठायला सोपं जावं अशा. मुलगा पाण्याचा ग्लास हातात घेऊन तो कुठे ठेवावा याचा विचार करत राहिला.

'मासा छान झालाय,' विहीणबाई टेबलावर बसल्यावर म्हणाल्या. अजून त्यांनी तो खाल्ला नव्हता.

'आणि आमची बाटली?' व्याह्यांनी विचारलं. 'की तीही आत आहे?'

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. नमुनेसाहेब उठले, चाळणी उचलली आणि बाटली आणून टेबलाच्या मधोमध ठेवली. कागदाची टोपी, गळ्यात सुतळी, त्यावर लाल लाखेचा सरकारी शिक्का, आणि तळाशी चार बोटं वाईन. सगळे तिच्याकडे पाहत राहिले. लेकीने मान खाली घातली.

नमुनेसाहेबांनी लोण्याची सुरी घेतली. तिचं टोक लाखेखाली घातलं आणि दाबलं. एवढ्याशा लाखेचा आवाज केवढा मोठा होतो हे त्यांना माहीत नव्हतं. त्यांनी ती आजवर फक्त लावली होती.

व्याह्यांचा काटा हवेत थांबला. टेबलावर त्या आवाजाचा अर्थ कळणारे दोघंच होते. एक तोडणारा, आणि दुसरा आयुष्यभर अशा शिक्क्यांना भिऊन हॉटेल चालवत आलेला.

'साहेब,' ते हळू म्हणाले, 'हे काय केलंत? प्रकरण गेलं की. तुमच्या अंगावर येईल आता.'

'येऊ दे,' नमुनेसाहेब म्हणाले. 'तुमची नोटीस फाडून टाका. ग्लास पुढे करा.'

चार बोटं वाईन सहा ग्लासांत वाटताना त्यांचा हात अचूक चालला. भाग करण्याची त्यांना सवय होती. प्रत्येकाच्या वाट्याला दोन घोट आले. रंग बराच गडद झाला होता, आणि तो पाहण्यासाठी ग्लास आपसूक खिडकीकडे चालला होता, पण त्यांनी मनगट दुसऱ्या हाताने धरलं आणि तोंडाला लावलं.

या जिभेने एका चमच्यात पामतेल ओळखलं होतं. कोर्टात या जिभेवर विश्वास ठेवला जाई. कापसाच्या बोळ्याखाली, उन्हाच्या खिडकीत त्या तीन फ्रेंच द्राक्षांचं काय झालं होतं ते तिला पहिल्या थेंबालाच कळलं. घशापासून कानापर्यंत कळलं.

'बोला,' व्याही म्हणाले. त्यांनी ग्लास नुसता ओठांना टेकवला होता आणि ते नमुनेसाहेबांचा चेहरा निरखत होते. 'तुमच्यासारखा पारखी कुठला? खरं सांगा, कशी आहे?'

लेकीचा हात पावावर थांबला. मुलगा पाहत होता, विहीणबाई पाहत होत्या. बायको देवाचं नाव घेत असावी. नमुनेसाहेबांनी आयुष्यात कुठल्याही पदार्थाची केलेली सगळ्यात मोठी स्तुती म्हणजे 'आक्षेपार्ह काही आढळलं नाही'.

'उत्तम,' ते म्हणाले.

'उत्तम?'

'अत्युत्तम. तिन्ही द्राक्षं एकमेकांत अशी मिसळलीत की... काय सांगू.' त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते आंबटपणाचं होतं, पण व्याह्यांना ते फार खोलवरचं वाटलं. त्यांनी मोठा घोट घेतला, गिळला, आणि मग घोगऱ्या आवाजात म्हणाले, 'खरंच. उत्तम.' मुलानेही घेतली. तोही उत्तम म्हणाला. त्याचे दात एकमेकांना चिकटल्यासारखे दिसत होते.

मग विहीणबाईंनी एक घोट घेतला.

'उत्तम?' त्या म्हणाल्या. 'अहो, हे चक्क व्हिनेगर झालंय! तुम्हा तिघांना जीभ आहे की नाही?'

विहीणबाईंनी नमुनेसाहेबांकडे रोखून पाहिलं, मग त्यांच्या शेजारी लाल होत गेलेल्या लेकीकडे, आणि पुन्हा नमुनेसाहेबांकडे. त्यांची पर्स मांडीवरून कधी खाली गेली ते कुणी पाहिलं नाही.

'तुम्हाला कळलं होतं,' त्या म्हणाल्या. 'तुम्हाला पहिल्या घोटाला कळलं होतं, आणि तुम्ही प्यायलात.'

नमुनेसाहेब पावाचा तुकडा मोडत राहिले.

विहीणबाई उठल्या. त्यांनी सगळ्यांचे ग्लास गोळा केले, उरलंसुरलं सॅलडच्या पानांवर ओतलं, तेल मागितलं, मीठ मागितलं, आणि दोन चमच्यांनी खालीवर केलं. 'फेकून थोडीच द्यायची? एवढी लांबून आलीय बिचारी.' पहिल्यांदा मुलाने वाढून घेतलं, मग व्याह्यांनी, मग सगळ्यांनी. मासा थोडा उरला, बटाटे बरेच उरले, सॅलडचं भांडं बायकोला धुवायलासुद्धा फारसं राहिलं नाही. लग्नाची तारीख कुणी काढली आणि कुणी मान्य केली ते नीटसं कळलं नाही. पानांबरोबर तीही फिरून सगळ्यांच्या ताटात पडली.

जेवणं झाल्यावर लेक ग्लास विसळत होती. नमुनेसाहेब शेजारी फडकं घेऊन उभे राहिले.

'बाबा, तुम्ही खोटं बोललात.'

'हो.'

'चक्क सगळ्यांसमोर.'

'हो.'

'लेखी द्याल?'

'छे,' नमुनेसाहेब म्हणाले. 'लेखी कशाला?'

ती हसली आणि ओल्या हाताने डोळे पुसू लागली, त्यामुळे नक्की काय पुसलं ते त्यांना दिसलं नाही. तेवढ्यात बाहेरून व्याह्यांचा आवाज आला. 'साहेब, पुढच्या रविवारी आमच्या हॉटेलात! वरच्या मजल्यावर. काय खाणार सांगा, माझ्या हाताने तळून घालतो!'

नमुनेसाहेबांचं तोंड उघडलं. त्यांनी लेकीकडे पाहिलं आणि ते मिटलं. 'तुम्ही घालाल ते,' असं ते कसंबसं म्हणाले, आणि हातातला ग्लास गरजेपेक्षा जास्त वेळ पुसत राहिले.

लेकीने त्यांच्या हातातून फडकं काढून घेतलं.

'जा,' ती म्हणाली. 'विचारून या. नाहीतर आठवडाभर झोप लागायची नाही तुम्हाला.'

'रागावणार नाहीस?'

'जेवण संपलंय बाबा.'

नमुनेसाहेबांनी गळ्याचं बटण लावलं, बाहेर गेले, आणि होणाऱ्या व्याह्यांसमोर उभं राहून, आवाजात जितकी अदब आणता येईल तितकी आणून विचारलं, 'तळणीचं तेल किती दिवसांनी बदलता?'

व्याह्यांच्या कपाळावर आठी चढू लागली. ती पुरती चढायच्या आत विहीणबाईंनी टेबलावर हात आपटला.

'घ्या!' त्या नवऱ्याला म्हणाल्या. 'लग्न झाल्यापासून मी हेच विचारतेय. सांगा आता यांना. सरकून बसा हो साहेब, इथे माझ्या बाजूला बसा.'